तलावाकाठी चुंगड्यांचा तंबू

तलावाकाठी मुक्काम करायचा तर जागा कशी पाहायची, हे मला माझ्या बायकोने शिकवलं. आधी जमिनीवर तळहात ठेवायचा. ओल लागली तर पुढे चालायचं. मग मुंगळे आहेत का ते पाहायचं. मग वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि वास घ्यायचा. मासोळीचा वास आला तर चांगलं, म्हशीचा आला तरी चालते, माणसांचा आला की तिथून निघायचं. एवढी तपासणी झाली की ती म्हणायची, "टाका जी गाठोडं इथंच." मी गाठोडं टाकायचो आणि चुलीसाठी तीन दगड शोधायला जायचो.

आमच्यात कामाची वाटणी होती. तंबू तिचा, चूल माझी. घरी वर्षभर ती रांधायची, पण मुक्कामाला गेलो की चुलीकडे पाहायचीसुद्धा नाही. एकदा मी हौसेने खुंटी ठोकायला घेतली तर म्हणाली, "तुमी आपले वांगे चिरा. खुंटी वाकडी गेली का रातभर मलेच ऐकू येते." वाकडी खुंटी ऐकू कशी येते हे मला कधी समजलं नाही. पण तिला यायची. झोपेतून उठून बाहेर जायची, ठोकून यायची, मग घोरायची.

हे मुक्कामाचं खूळ तिच्या माहेरामुळे लागलं. आमचं गाव सिहोऱ्याकडचं, तिचं माहेर नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाला लागून. लग्न झालं तेव्हा रस्ता असा की थोडा दगड, थोडा चिखल, पुन्हा दगड. बैलबंडीने एका दिवसात पोचणं व्हायचं नाही. मधे एखाद्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैल सोडायचे, बंडीखाली अंथरूण टाकायचं आणि सकाळी पुढे जायचं. मग डांबर आलं, बस आली. सकाळी निघालो की जेवायला सासऱ्याच्या दारात. मी खूश. ती तोंड फुगवून बसली. म्हणाली, "मुक्काम केल्याबिगर माहेरी गेल्यावानी वाटतच नाई." मग बस असूनही आम्ही मधेच उतरायचो आणि तलावाकाठी राहायचो. कंडक्टर विचारायचा, कोणी मेलं काय इथे. पुढे सासरा गेला, सासू गेली, साळ्याने घर विकलं. माहेर संपलं. मुक्काम राहिला. दरवर्षी धान मळून, चुरून झालं, घरात पोती लागली, की ती तंबूचं गाठोडं काढून उन्हात टाकायची. मला सांगावं लागायचं नाही.

तंबू दुकानातला नव्हता. तिने स्वतः शिवला होता, खताच्या रिकाम्या चुंगड्यांचा, म्हणजे पोत्यांचा. दोन बाजूंना दोन उतरती छपरं आणि खाली जुन्या ताडपत्रीचा तळ, तिन्ही एकमेकांना शिवलेले. आतून फाटक्या लुगड्यांचं अस्तर. ताण द्यायच्या दोऱ्यासुद्धा लुगड्यांचे काठ पिळून केलेल्या. दुरून पाहिलं तर एखादं कृषी केंद्र वाऱ्याने उडून तलावाकाठी येऊन पडलं असं वाटायचं. पण त्यात पाणी कधी आलं नाही.

या तंबूत आम्ही पुष्कळ तलाव पाहिले. आमच्या भंडाऱ्यात तलावांना तोटा नाही. एका गावाचा संपला की दुसऱ्याचा लागते. सिहोऱ्याकडे डोंगराच्या पायथ्याशी मोठा तलाव आहे. पाणी झकास, पण माकडं हरामी. एका माकडाने माझं भाताचं पातेलं भातासकट पळवलं, झाडावर बसून एक घास खाल्ला आणि पातेलं खाली फेकून दिलं. बायको हसून हसून आडवी झाली. "रांधणारा कोण हाय ते त्याले समजलं," म्हणाली. नाकाडोंगरीच्या जंगलाकडे धरणाचं पाणी आहे, तिथे रात्री फक्त आपलाच श्वास ऐकू येते. एका गुराख्याने सांगितलं, इकडे अस्वल फिरते. मी गाठोडं बांधायला लागलो. ती म्हणाली, "बसा गुपचूप. तुमी घोरले का अस्वल आपणच पळन." आसगावकडे मोठ्या धरणाचं पाणी शेतांत शिरलं आहे, समुद्रासारखं. लोक तिथे गाड्या भरभरून येतात. तिला आवडलं नाही. "ज्या पाण्याले पलीकडचा काठच नाई," ती म्हणाली, "त्याच्याकडे तोंड करून मानसानं पाहावं काय?" सकाळी चहा न घेता निघालो.

आमच्या आवडीचा तलाव एकच. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तुम्ही सगळे स्पीकर घेऊन याल. एवढं सांगतो की जुना मालगुजारी तलाव आहे, पाळीवर मोहाची झाडं आहेत, आणि हिवाळ्यात पाण्यावर बदकं अशी बसतात की कोणी काळे तीळ सांडले. त्याच्या एका कोपऱ्यात आता सार्वजनिक बाग झाली आहे. सिमेंटचे ससे आहेत, त्यांच्या तोंडात कचरा टाकायचा. एक मोठं लाल बदाम आहे, त्यात उभं राहून फोटो काढायचा. तंबूवाल्यांसाठी सिमेंटचे गट्टू बसवून चौकोन केले आहेत, त्यांवर आकडे घातले आहेत. आणि ज्या गाड्यांत माणसं राहतात, झोपतात, त्या गाड्यांसाठी विजेचा खांब आहे.

ती बाग झाल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोने गट्टूवर पायाने ठोकून पाहिलं. "यात खुंटी कोनाच्या बापाची जाते?" आणि ती सरळ पुढे चालत गेली, शेवटच्या मोहाजवळच्या गवतावर. चौकीदाराने शिट्टी वाजवली. ती थांबली नाही. त्याने पुन्हा वाजवली. मग तिने वळून सांगितलं, "शिट्टीनं बकऱ्या येतेत, भाऊ." त्या दिवसापासून ती जागा आमची झाली. चौकीदार दरवर्षी एकदा शिट्टी वाजवायचा, ती दरवर्षी एकदा बोलायची, मग तो आमच्याकडे वांग्याची भाजी खायला यायचा.

मग एका वर्षी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, ती गेली. बांधीत गुडघाभर चिखल होता, बाया रोवत होत्या, आणि ती दवाखान्यातल्या खाटेवरून मला विचारत होती, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पुरले का. मी म्हणालो, पुरले. पुरले नव्हते. बस, तेवढंच आमचं शेवटचं बोलणं. लोक शेवटी मोठमोठं बोलतात म्हणे. आम्ही पऱ्ह्यांवर आटपलो.

रांधता मला येते. अडचण वेगळीच झाली. एकट्यासाठी तांदूळ घेता येत नाही. मूठ आपोआप दोघांची भरते. उरलेला भात मी दारातल्या कुत्र्याला घालू लागलो. ते कुत्रं एवढं लठ्ठ झालं की त्याने भुंकणं सोडून दिलं. चोर आला असता तरी त्याने शेपटीच हलवली असती, तीही पडल्या पडल्या.

मला एकच पोरगी, नागपूरला दिली आहे. आईवर गेली आहे, म्हणजे तोंडाने. रोज संध्याकाळी फोन.

"बाबा, जेवले काय?"

"जेवलो."

"काय जेवले?"

"भात."

"अजून?"

"अजून भात."

मग तिचं सुरू व्हायचं. गावात एकटे काहून राहता, नागपूरला या, खोली रिकामी आहे. मी दोन दिवस राहून आलो होतो. घर चांगलं आहे. जावई चांगला आहे. पण थुंकायचं असलं तर लिफ्टने खाली जावं लागते. आणि खिडकीतून पाहिलं की समोरच्या घरातला माणूसही खिडकीतून पाहत असते, त्यालाही थुंकायचं असते. मी परत आलो. पोरीने सोडलं नाही. धान चुरून झालं आणि मी फोनवर सहज म्हणालो की यंदाही मुक्कामाला जाईन. ती म्हणाली, "एकटेच?"

"मंग का बारात नेऊ?"

"तंबू कोन लावन? तुमाले तं येत नाई."

"येते."

"मायनं कधी हात लावू देल्ला काय तुमाले?"

आता बापाला असं बोलल्यावर बाप काय करणार. मी शर्त लावली. मी म्हणालो, मी एकट्याने तंबू उभा करतो, कोणाचाही हात न लागता, आणि त्यात रात्र काढतो. जमलं तर गावातच मरतो, तू नागपूरचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर गाठोडं घेऊन तुझ्या घरी येतो, लिफ्टमधेही थुंकणार नाही. ती म्हणाली, "लावली शर्त. सकाळच्या पहिल्या बसनं मी पाहाले येतो." आमच्याकडे पोरी रागावल्या की येतो-जातो म्हणतात.

फोन ठेवला. पोरगी खरं बोलली होती. एवढ्या वर्षांत तो तंबू उभा होताना मी पाहिलाच नव्हता. मी दरवेळी वांगे चिरत होतो.

गाठोडं बांधलं. बांबू त्यातच गुंडाळले. खांद्यावर घेऊन बसमधे चढलो तर कंडक्टर मागे सरकला.

"बाबाजी, मढं हाय का काय जी?"

"घर हाय."

"मंग ठेवा मांगं. मढं असतं तं नसतं चाललं."

तलावावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. चौकीदाराने मला पाहिलं आणि शिट्टी तोंडाला लावली. मग माझ्या मागे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "बाई कुठी हायत?" मी मान हलवली. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि सशाच्या तोंडात उगाच हात घालून कचरा चिवडत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "जा जी. जागा हाय तशीच हाय."

जागा होती, पण शेजार आला होता. विजेच्या खांबाजवळ एक पांढरी घरगाडी उभी होती, शेवटच्या मोहाकडे तोंड करून. तिच्यासमोर घडीच्या खुर्चीत एक बाई बसली होती, माझ्या पोरीहून मोठी, माझ्याहून लहान. पुण्याची. तिचा नवरा गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. मी विचारलं, गाडी बिघडली काय.

"नाही हो काका. जमीन तिरकी आहे. गाडी सपाट झाल्याशिवाय आमच्या ह्यांना चहा चालत नाही. कपात तिरका दिसतो."

गाडीखालून आवाज आला, "तिरका दिसत नाही. तिरका असतो."

मी गाडीत डोकावून पाहिलं. पलंग होता, शेगडी होती, नळ होता. एक लहान दार होतं. विचारलं, हे काय. बाई म्हणाली, संडास.

"गाडीत?"

"हो."

"आणि स्वयंपाक?"

"तोही गाडीतच. हा काय, इथे."

मी हाताने अंतर मोजून पाहिलं. माझ्या हाताचं होतं. मी म्हणालो, बाई, आमच्या गावात घराजवळ संडास बांधायचा म्हटला तर भाऊ भाऊ वेगळे झाले. ती हसली. मला वाटलं, माझी बायको असती तर तिने हिला दोन प्रश्न अजून विचारले असते, असे की हिने गाडी चालू करून पुणं गाठलं असतं.

मी कामाला लागलो. गाठोडं सोडलं. तंबू गवतावर पसरला, आणि तिथेच पहिला घोळ झाला. वर कुठलं, खाली कुठलं, काही समजेना. तिन्ही बाजू सारख्या लांबीच्या. दोऱ्या चहूकडून लोंबत होत्या, मेलेल्या कोंबडीच्या पायांसारख्या. मी विडी पेटवून विचार केला. मी चौथी शिकलो आहे. मला वाचता येते. चुंगड्यांवर खताचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मी म्हटलं, यात काय कठीण आहे, अक्षरं सुलटी दिसतील तशी बाजू धरायची. बायकोला जे येत होतं ते मला न यायला काय झालं, ती तर शाळेच्या दारातही गेली नव्हती.

दोन बांबू उभे केले, एक आडवा बांधला, तंबू त्यावर चढवला. वारा आला, पडला. पुन्हा चढवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी त्याच्या आत होतो तेव्हा पडला. चौकीदार धावत आला. मी आतून ओरडलो, "हात नोको लावू! शर्त हाय!" तो बिचारा हात मागे बांधून उभा राहिला. बाहेर कसा आलो ते मलाच माहीत. शेवटी कसाबसा उभा झाला. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. खताचं नाव सुलटं, ठळक, दुकानाच्या पाटीसारखं. मी कमरेवर हात ठेवले.

पलीकडच्या बाजूने खुर्चीतून ती बाई म्हणाली, "काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"इचारा."

"तुमच्या छपराला चिखल कसा लागला?"

मी फिरून तिच्या बाजूला गेलो. खरंच. तिकडचं छप्पर ताडपत्रीचं होतं आणि त्यावर सगळा वाळलेला चिखल, वर्षावर्षांचा, थरावर थर. दारही तिरपं आलं होतं. आत शिरायचं तर माणसाने सापासारखं शिरावं लागलं असतं. मी तळ छपरावर चढवला होता. आणि जे छप्पर होतं ते खाली अंथरलं होतं.

"पन अक्षरं तं सुलटी हायत," मी म्हणालो.

"असतील. पण चिखल खालून लागतो ना काका."

मी गवतावर बसलो. मग मला उमगलं. तिला अक्षर उलटं काय आणि सुलटं काय. तिने चुंगडीचं तोंड पाहिलं होतं. तोंड वर राहिलं तर शिवणीतून पाणी आत शिरेल. म्हणून तिने सगळ्या चुंगड्या तोंड खाली करून शिवल्या. म्हणजे नाव उलटं. एवढ्या पावसांत आमच्या अंगावर थेंब पडला नाही तो खताचं नाव उलटं होतं म्हणून. मी चौथी शिकलेला माणूस, मी ते सुलटं करून तंबूची वाट लावली.

तेवढ्यात शर्त आठवली आणि माझं टाळकं सरकलं. "बाई, तुमी बोलल्या काहून?"

"म्हणजे?"

मी शर्त सांगितली. ती घाबरली. म्हणाली, "मी हात कुठे लावला? मी फक्त बोलले. बोलणं म्हणजे मदत नव्हे."

गाडीखालून आवाज आला, "मदतच आहे."

"तुम्ही तुमचं चाक बघा," बाई म्हणाली.

"चाक बघतोय. पण मदतच आहे."

चौकीदारालाही यात पडायचं होतं. त्याचं म्हणणं, पुण्याच्या माणसाचं बोलणं धरायचं नाही, कारण ते विचारल्याशिवायही बोलतात. बराच वेळ वाद झाला. निकाल लागला नाही. मी बाईला सांगितलं, आता खुर्ची फिरवून बसा, तलावाकडे पाहा, बदकं मोजा, पण माझ्याकडे पाहू नका. ती शहाणी, फिरून बसली.

मी सगळं उतरवलं. पुन्हा पसरलं, चिखल खाली घेऊन. आता दोऱ्या. कुठली कुठे बांधायची? एक धरून पाहिली. हिरवी, पिवळ्या काठाची. हे लुगडं मला ओळखीचं होतं. पोरीच्या बारशाला नेसली होती. मग खाली वाकून पाहिलं तर तंबूच्या एका कडेला त्याच हिरव्या लुगड्याचं ठिगळ होतं, रुपयाएवढं, आणि त्यात भोक. मी दुसरी दोरी उचलली, लाल. लाल ठिगळ शोधलं. सापडलं. ते लाल लुगडं तिने तिच्या भावाशी भांडून आणलं होतं. जांभळी दोरी, जांभळं ठिगळ. तिच्या आईच्या तेराव्याला नेसली ती करडी. मी इतकी वर्षं समजत होतो की ठिगळं फाटलं म्हणून लावली आहेत. ठिगळ म्हणजे पत्ता होता. मी गुडघ्यांवर चालत एकेक लुगडं शोधत त्या तंबूला फेरी घातली. तिला एवढी लुगडी मी घेऊन दिली होती हेच मला माहीत नव्हतं. काही मी दिलेली नव्हतीच, तिने मला न सांगता घेतली होती, ती आज सापडली.

शेवटच्या कोपऱ्यात एक पांढरं ठिगळ होतं, आणि त्याची दोरी नव्हती. कुजून गळून गेली असेल. तो कोपरा वाऱ्याला फडफडू लागला. दोरी मागितली तर मदत झाली असती. खिशात पाहिलं, विडीचं बंडल. कमरेला हात गेला. करदोडा बारीक. मग त्याच्या खालीच नाडी होती.

पायजम्याची नाडी काढून मी तो कोपरा बांधला. तंबू ताठ उभा राहिला. मी डाव्या हाताने पायजमा धरून उभा राहिलो. बाईने विचारलं, "आता वळू का?" मी म्हणालो, वळा, पण फक्त तंबूकडे पाहा.

संध्याकाळी वांग्याची भाजी केली. एका हाताने वांगे चिरणं सोपं नाही. भात नेहमीसारखा दोघांचा झाला. त्या दोघांना बोलावलं. गाडी अजून सपाट झाली नव्हती, त्यामुळे नवऱ्याला जमिनीवर बसून जेवायला बरंच वाटलं. तो एवढा जेवला की मला भात उरला नाही. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा पातेलं रिकामं झालं. बाईने गाडीतून मला दोन पोळ्या आणून दिल्या. त्या संडासापासून हातभर अंतरावर भाजलेल्या होत्या. खाल्ल्या.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. थंडी होती. फक्त एक खुंटी वाकडी गेली होती, आणि ती मला ऐकू आली.

सकाळी धुक्यात बसचा हॉर्न वाजला आणि थोड्या वेळाने पोरगी पाळीवरून येताना दिसली. मी तंबूसमोर उभा, डाव्या हातात पायजमा. ती जवळ आली. तंबूला एक फेरी घातली. ठोकून पाहिलं, ओढून पाहिलं, आईसारखंच. मग माझ्याकडे पाहिलं.

"पायजमा धरून काहून उभे हा, बाबा?"

"थंडी हाय."

"थंडीनं पायजमा पडते?"

मी तिला सगळं सांगून टाकलं. लपवता आलं असतं, पण बाई खुर्चीत बसली होती आणि तिचं तोंड बंद राहण्यासारखं नव्हतं. अक्षरांचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं, बाई बोलली ते सांगितलं.

"म्हंजे हरले तुमी," पोरगी म्हणाली.

"हात नाई लागला कोनाचा."

"डोकं लागलं."

गाडीखालून आवाज आला, "मी तेच म्हणत होतो."

मी म्हणालो, बरं, हरलो. मी शेवटच्या मोहाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि ठरवलं की कुत्रं शेजाऱ्याला द्यावं. पोरगी म्हणाली, "मंग सोडा तंबू. बसची वेळ होऊन राहिली." आणि स्वतःच वाकली, माझी नाडी सोडायला, त्या शेवटच्या कोपऱ्यात. वाकली ती तशीच राहिली.

"बाबा."

"काय?"

"हे माही शाळेतली ओढनी हाय."

ते पांढरं ठिगळ. तिने ते बोटाने चोळून पाहिलं. कडेला निळ्या दोऱ्याने तिचा शाळेतला नंबर होता, अर्धा.

"हे हरवली म्हनून मले मायनं मारलं होतं," ती म्हणाली. "पाठीत. कालवनाच्या पळीनं. तीन दिवस मी अख्ख्या शाळेत शोधत होती! आणि माय इकडं तंबूले शिवून बसली!"

"तिले पांढरं पायजे असन."

"मंग मारलं कायले?"

जिला विचारायचं ती राहिली नव्हती. पोरगी आत शिरली. मला वाटलं अस्तर तपासते. बराच वेळ बाहेर आली नाही. बाईने चहा आणला, तो मी प्यालो, पोरीच्या वाट्याचाही प्यालो. आतून नाक ओढल्याचा आवाज आला, मग बोलण्याचा. ती आईला शिव्या देत होती, पळीवरून. मी बदकं मोजली.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. गळ्यातली ओढणी काढली, तिची कड दातात धरली आणि टर्रकन फाडली. लांब पट्टी निघाली. तिने ती पिळली, पांढऱ्या ठिगळातून ओवली, खुंटीला ताण देऊन बांधली. माझी नाडी सोडून माझ्या अंगावर फेकली. "घाला. लोकं पाहून राहिले."

मी मोहाच्या मागे जाऊन नाडी ओवली. दोन्ही हात मोकळे झाल्यावर माणसाचं डोकंही चालते. परत येऊन मी म्हणालो, "तुहा हात लागला."

"मंग?"

"शर्तीत कोनाचाच हात लागाचा नोता. तुहाही. शर्तच मोडली."

चौकीदार आला होता, तो म्हणाला, बरोबर आहे, मोडली. बाई म्हणाली, मोडली. आम्ही सगळे गाडीकडे पाहू लागलो. गाडीखाली पाना ठेवल्याचा आवाज झाला. मग शब्द आला.

"मोडली."

पोरीने वाकून ती वाकडी खुंटी पाहिली, दगड उचलला आणि दोन ठोके घातले. सरळ झाली. म्हणाली, "मोडली तं मोडली. पुढच्या वर्षी नवीन लावू. तवापर्यंत राहा तिकडंच, घाला कुत्र्याले भात." मग हात झटकले. "आता वांगे हायत का संपले? मले भूक लागली."

वांगे होते. मी चूल पेटवली आणि भात टाकला. दोघांचाच.